बाबांचे दहा किलो, माऊचे दहा किलो

सकाळी वखारीचं फाटक उघडण्याआधी माऊचं वजन होत असे. घराचं मागचं दार उघडलं की भंगाराचं अंगण सुरू व्हायचं. एका बाजूला गंजका पत्रा, दुसऱ्या बाजूला रद्दीचे गठ्ठे आणि मधोमध जमिनीत बसवलेला लोखंडी वजनकाटा. दिवसभर त्या काट्यावर मोडक्या सायकली चढायच्या, गाड्यांची इंजिनं चढायची. त्या सगळ्यांच्या आधी, काटा स्वच्छ असताना, माऊ चढायची. आई तिचा स्वेटर आणि चपला हातात धरून शेजारी उभी राहायची आणि बाबा खांबावरच्या लाल आकड्यांकडे बघायचे.

"पन्नासवर आलीस," त्या दिवशी बाबा म्हणाले. "पाच गेले, पाच राहिले. अर्धं काम झालं."

"पुढचं अर्धं जास्त अवघड असतं म्हणतात," आई म्हणाली.

"कोण म्हणतं? मी केलं ना? माझा स्वेटर धरून कुणी उभं होतं का?"

काट्याचा पत्रा माऊच्या तळपायांना चटका बसावा इतका गार लागत होता. मागच्या हिवाळ्यात तिला अशी थंडी वाजत नसे. तिनं चपला पायात सरकवल्या आणि ती घरात गेली. टेबलावर बाबांची न्याहारी मांडलेली होती, अंडी, पाव, लोणी, दूध घातलेला चहा. माऊच्या जागेपुढे अर्धं सफरचंद होतं. दुसरं अर्धं आईनं दुपारसाठी झाकून ठेवलं होतं.

वाचकहो, या घरात दुष्ट कुणीच नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. अशी गोष्ट वाचताना आपण लगेच एखादी कजाग बाई नाहीतर दारुडा बाप शोधायला लागतो. तो सापडला की आपण सुटलो, कारण आपल्या घरात तसं कुणी नसतं. माऊच्या बाबांचा लेकीवर जीव होता. आईचा तर होताच. आणि ज्या आत्यानं माऊसाठी लग्नाचं स्थळ आणलं तीही भाचीचं भलं व्हावं म्हणून चपला झिजवत होती. तरीही सगळे मिळून त्या मुलीला रोज थोडं थोडं कमी करत होते.

झालं होतं ते असं. मुलाचं चष्म्याचं दुकान होतं, स्वतःचं, भर रस्त्यावर. मुलगा उंच, अंगानं चांगला भरलेला. त्याच्या अंगावरच्या त्या भरीला सगळे रुबाब म्हणत. मुलाच्या आईनं माऊला पाहिलं, बोलतं केलं, तिच्या कामाची चौकशी केली आणि चहाचा कप खाली ठेवत हसून म्हणाली, "मुलगी गोड आहे. आम्हाला देणंघेणं काही नको. फक्त दहा किलो कमी झाली की फोटोत जोडी शोभून दिसेल. एवढं करा, बाकी आमची कसलीच मागणी नाही."

आत्यानं सुटकेचा निःश्वास टाकला. आधीची दोन स्थळं देण्याघेण्यावरून फिसकटली होती, त्यामुळे ही मागणी तिला फुकटात पडल्यासारखी वाटली. माऊचं वजन तेव्हा पंचावन्न होतं. ती सकाळी टेकडी चढून यायची, दिवसभर झेरॉक्सच्या दुकानात उभी असायची, आणि कागदाची अख्खी पेटी उचलून यंत्रापाशी नेताना तिला कधी मदत लागली नव्हती. तिच्यात जास्त असं काही नव्हतंच. पण हे तिथे कुणी बोललं नाही. मुलगा आपल्या कपात साखर ढवळत राहिला.

"दहा किलो म्हणजे काय फार नाही," बाबा म्हणाले. "मी स्वतः केलेत."

आणि हे खरं होतं. तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी बाबांना दम भरला होता. तेव्हा बाबांचं वजन बरोबर शंभर होतं. त्यांनी गोड सोडलं, तळलेलं सोडलं, रोज चालायला लागले आणि नव्वदवर आले. त्यानंतर त्या दहा किलोंचा टेंभा त्यांनी इतका मिरवला की वखारीत रद्दी टाकायला आलेल्या माणसालाही तो ऐकल्याशिवाय सुटका नसे. आता त्याच दहा किलोंच्या जोरावर त्यांनी लेकीच्या वतीनं शब्द दिला.

माऊनंही हो म्हटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगा नीट बोलत होता, घर बरं होतं, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून नाही म्हणायला तिची जीभ रेटली नाही. शिवाय सुरुवातीला मजाच आली. पहिले दोन किलो गेले तेव्हा शेजारणीनं थांबवून विचारलं, "काय करतेस गं? किती छान दिसतेस." चौथा किलो गेला तेव्हा झेरॉक्सच्या दुकानाचे मालक, ज्यांना ती काका म्हणायची, त्यांनी आपल्या बायकोला माऊचं उदाहरण दिलं. जो भेटेल तो कौतुक करायचा. भिंती बांधून माणसाला कोंडलं तर तो निदान दार तरी शोधतो. कौतुकानं कोंडलं तर त्याला दार शोधायचीही लाज वाटते.

पाचव्या किलोनंतर मजा संपली. जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. रात्रीच्या जेवणात तिला वाटीभर सूप आणि काकडी असायची. समोर बाबा भात कालवायचे, तेव्हा ती त्यांच्या बोटांकडे बघत बसायची आणि मग स्वतःचीच लाज वाटून उठून जायची. आई ताट आवरताना उरलेला भात पटकन झाकून टाकायची, जणू तो चोरीचा माल आहे.

एके दुपारी दुकानात शिंपीणबाई आल्या. माऊचा लग्नाचा पोशाख त्याच शिवत होत्या. त्यांच्या हातात कॉलरच्या नक्षीचा कागद होता.

"हे मागे तूच मला वीस टक्के लहान करून दिलं होतंस. मूळ कागदावर चहा सांडला नि तो गेला. आता हेच वीस टक्के मोठं करून दे, म्हणजे झालं पूर्वीसारखं."

"वीसनं नाही होणार, काकू. पंचवीस टक्के मोठं करावं लागेल."

"घेतले वीस आणि परत करायचे पंचवीस? सावकारी सुरू केलीस का?"

माऊ हसली. तिनं एका कोऱ्या कागदावर पट्टीनं रेघ मारली. "ही दहा सेंटिमीटर. वीस टक्के कमी केली की राहिली आठ. आता ही आठची रेघ तुम्ही वीस टक्के वाढवली, तर आठचे वीस टक्के किती होतात? दीडपेक्षा जरासे जास्त. म्हणजे साडेनऊच्या आसपास पोचलात. दहावर जायला दोन हवेत, आणि दोन म्हणजे आठचा पाव हिस्सा."

"म्हणजे मोजायचं ते आता जे आहे त्यावरून."

"हो. जे उरलंय त्यातूनच वाढायचं असतं ना."

शिंपीणबाईंनी मान डोलावली. कागद घडी करून पिशवीत ठेवताना त्यांची नजर माऊच्या खांद्यांवर गेली, कारण शिंप्याची नजर तिथेच आधी जाते. "आणि तू जरा थांब आता. दोनदा शिवण आत घेतली मी तुझी. परत घ्यायची म्हटलं तर पुढची शिवण मागच्या शिवणीला भिडेल."

त्या गेल्यावर माऊनं गल्ल्याशेजारचं कॅल्क्युलेटर ओढलं. खरं तर शंभरातले दहा काढायला त्याची गरज नव्हती. बाबा शंभराचे नव्वद झाले, म्हणजे दहा टक्के. मग तिनं पंचावन्नातले दहा केले. कमी झालेलं भागिले मूळचं, गुणिले शंभर. अठरा टक्क्यांहून जरा जास्त आले. तिनं पुन्हा करून पाहिलं, तेवढेच आले. मग तिनं उलट हिशेब केला. बाबांइतकंच करायचं तर तिचे किती कमी व्हायला हवे होते? साडेपाच किलो. आणि त्या सकाळी काटा अठ्ठेचाळीस दाखवत होता. म्हणजे साडेपाच केव्हाच मागे पडले होते आणि ती एकटीच पुढे चालत होती. यंत्रात कागद अडकल्याचा लाल दिवा लागला होता. तो बराच वेळ लुकलुकत राहिला.

रात्री जेवताना तिनं विषय काढला. "बाबा, तुमचे दहा आणि माझे दहा सारखे नाहीत."

"दहा किलो ते दहा किलो," बाबा हसत म्हणाले. "लोखंडाचे असोत नाहीतर कापसाचे."

"पण कशातून गेले ते बघायला नको? तुमचे शंभरातून गेले. माझे पंचावन्नातून जाणार. तुमचा दहावा हिस्सा गेला, माझा जवळजवळ पाचवा जातोय."

"आता गणित घालू नकोस जेवताना."

"वखारीत तुम्ही ओल्या रद्दीची घट काय नुसती किलोत धरता?"

बाबांचा घास हातात राहिला. हा प्रश्न त्यांना दुसऱ्या कुणी विचारला असता तर त्यांनी अर्धा तास भाषण दिलं असतं. वजन वाढावं म्हणून लोक रद्दीवर पाणी मारून आणत. बाबा नुसता तळहात ठेवून ओलावा ओळखत. शंभर किलोच्या गठ्ठ्यात दहा किलो पाणी असलं तर कुरकुरत का होईना घेत, पण पन्नास किलोच्या गठ्ठ्यात दहा किलो पाणी असलं तर माणसाला गठ्ठ्यासकट फाटकाबाहेर काढत. दहा आणि दहा सारखे नसतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सगळ्या बाजारात त्यांच्याइतकं ते कुणाला ठाऊक नव्हतं.

"तो धंदा आहे," बाबा म्हणाले. "हे घर आहे. मी शब्द दिलाय, माऊ. तीन किलोंसाठी मला तोंडघशी पाडू नकोस."

आईनं ताटं उचलली. धंद्यात ज्याला आपण फसवणूक म्हणतो तीच गोष्ट घरात शिरली की तिचं नाव शब्द होतं, रीत होतं, मुलीचं भलं होतं. मला हे लिहिताना त्या बाबांचा राग येतो, आणि त्याहून जास्त राग याचा येतो की त्यांच्या जागी मी असतो तर कदाचित हेच बोललो असतो.

पुढच्या आठवड्यात आईला न्हाणीघराच्या जाळीत केसांचा पुंजका सापडला. तो हातात घेऊन ती माऊच्या खोलीत आली. माऊ पलंगावर दोन पांघरुणं घेऊन बसली होती.

"तुझेच ना?"

"कंगव्यातही आहेत. आणि आई, दोन महिने पाळी आली नाही माझी."

"माहीत आहे मला." आई पलंगाच्या कडेला टेकली. बराच वेळ तो पुंजका बोटांत फिरवत राहिली. "माझ्या वेळी उलटं होतं. माझं वजन अडतीस. तुझी आजी, तुझ्या बाबांची आई, म्हणाली, मुलगी अंगानं भरू दे, नाहीतर लोक म्हणतील माहेरी उपाशी होती. मग मला सकाळ-संध्याकाळ लोणी-साखर भरवायचे. मी ओकायचे आणि तोंड धुऊन परत बसायचे खायला."

"मग तुला कळतंय तरी."

"कळतंय म्हणून तर गप्प आहे. सरतात हे दिवस. एकदा लग्न झालं की कुणी बघतसुद्धा नाही."

"आणि तोवर?"

आईनं पांघरुणाची कड माऊच्या पायांखाली खोचली आणि ती उठली. आईच्या वेळी मुलगी भरलेली हवी होती, लेकीच्या वेळी शिडशिडीत हवी होती, नातीच्या वेळी आणखी काही निघेल. आकडा बदलत राहतो. तो ठरवणारा मात्र टेबलाच्या त्याच बाजूला बसलेला असतो, चहाचा कप हातात घेऊन.

लग्नाला महिना उरला तेव्हा काट्यावर पंचेचाळीस आले. बाबांनी खांबावर थाप मारली. त्याच संध्याकाळी मुलाकडची मंडळी लग्नाच्या तयारीचं बोलायला यायची होती, मुलगा आणि त्याची आई. आत्या दुपारपासूनच येऊन बसली होती. बैठकीच्या खोलीत टेबलावर केक, बिस्किटं, चहा, सगळं मांडलं होतं. माऊला चार माणसांत उभं राहायला भिंतीचा आधार लागत होता, पण ती उभी राहिली.

मुलाच्या आईनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि टाळ्या वाजवल्यासारखे हात जुळवले. "बघा, किती फरक पडला. मी म्हटलंच होतं. मनावर घेतलं की होतं सगळं." मग तिनं मान जराशी तिरकी केली. "आता अजून दोनच किलो. हनुवटीखाली थोडं आहे अजून. महिना आहे हातात, सहज होईल."

"होईल, होईल," आत्या म्हणाली. "दहा केले तिथे दोन काय."

बाबा हसले. त्यांच्या हसण्यात नेहमीचा मोकळेपणा नव्हता, पण ते हसले. आणि त्या हसण्यानं माऊला कळलं की ही वाट कुठेच संपणार नाही. दोन झाले की पुन्हा एक निघेल, लग्नानंतर आणखी काही निघेल, आणि दर वेळी या खोलीतलं कुणीतरी म्हणेल की एवढे केलेस तिथे एवढ्यानं काय होतंय.

ती खुर्चीवर बसली. कुणी बस म्हटलं नव्हतं. तिनं मुलाकडे वळून विचारलं, "तुमचं वजन किती आहे?"

मुलगा केकचा तुकडा तोंडात टाकत होता. तो गोंधळला. "माझं? ब्याऐंशी असेल. का?"

"मी अठरा टक्के कमी झाले. तुम्हीही अठरा टक्के कमी व्हा. ब्याऐंशीचे होतात जवळजवळ पंधरा किलो. मी थांबते तोवर."

मुलगा हसला. तो खरंच हसला, त्यात राग नव्हता. "मी कशाला कमी होऊ? मला कोण बघतंय?"

"मुलाच्या वजनाचं काय काढलंस?" मुलाची आई म्हणाली. तिच्या आवाजातला गोडवा गेला होता. "थट्टा म्हणून ठीक आहे. पण मुलीच्या जातीनं इतकं फटकळ असू नये."

"माऊ," बाबा म्हणाले, "आत जा तू."

"जाते, बाबा. पण आधी यांना सांगते. मी आणखी एक किलोसुद्धा कमी होणार नाही. परत पंचावन्न होणार आहे. लग्न करायचं असेल तर त्या मुलीशी करा, तिला तुम्ही पाहिलंय." ती मुलाच्या आईकडे वळली. "नसेल करायचं तर आजच सांगा. मला भूक लागली आहे."

मुलाची आई उठली. दारापाशी तिनं आत्याला हळू आवाजात काहीतरी सुनावलं, आणि आत्या लालबुंद चेहऱ्यानं परत आली. मुलगा जाताना जरा घुटमळला, माऊकडे बघून काही बोलेल असं वाटलं, पण आईनं हाक मारताच तो गाडीकडे गेला.

"झालं समाधान?" आत्या म्हणाली. "तिसरं स्थळ, दादा. आता मला सांगू नका." तिनं पर्स उचलली आणि तीही गेली.

बाबा खोलीत येरझाऱ्या घालत होते. "शब्द दिला होता मी. उद्या बाजारात तोंड कुठे दाखवू? दोन किलो, फक्त दोन किलोंसाठी." आई स्वयंपाकघरात होती. भांड्यांचे आवाज येत होते. मग ती ताट घेऊन बाहेर आली. ताटात गरम भात होता, लोणी होतं, उकडलेली अंडी होती. पाहुण्यांच्या बश्या तिनं हातानं बाजूला सारल्या, अशा की एक खाली पडून फुटली, आणि ताट माऊपुढे ठेवलं.

"अहो, तुम्ही बसा जरा," ती नवऱ्याला म्हणाली. "आणि बघा."

बाबा बसले. आईचा हा स्वर त्यांनी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

माऊ जेवायला लागली. पहिला घास तिनं डोळे मिटून खाल्ला. दुसरा खाल्ला. चौथ्या घासाला तिचा हात मंदावला, पाचवा घास तोंडात फिरत राहिला, आणि मग तिनं तो मोठ्या कष्टानं गिळला. तिनं ताटाकडे पाहिलं. भात तसाच होता. "आई, जात नाही गं," ती म्हणाली, "इतकी भूक लागलीये आणि जात नाही," आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मघाशी पाहुण्यांसमोर एकही थेंब आला नव्हता.

बाबा बघत होते. मनगटाचं हाड, गळ्याखालचा खड्डा, कानामागे विरळ झालेले केस, हे सगळं रोज सकाळी त्यांच्यासमोर काट्यावर उभं राहत होतं आणि ते खांबाकडे बघत होते. त्यांनी हात पुढे केला आणि तळहात माऊच्या दंडावर ठेवला, रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवायचे तसाच. हात बराच वेळ तिथेच राहिला.

"पंचेचाळीसचे पंचावन्न," ते शेवटी म्हणाले. "दहा भागिले पंचेचाळीस. बावीस टक्के होतात."

"हो."

"गेले अठरा आणि भरायचे बावीस."

"हो बाबा. जे उरलंय त्यातूनच भरायचे ना."

बाबांनी मान खाली घातली. क्षमा मागायची त्यांना सवय नव्हती आणि त्या संध्याकाळीही त्यांनी ती मागितली नाही. त्यांनी फुटलेल्या बशीचे तुकडे वेचले आणि कागदात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटक उघडण्याआधी त्यांनी काट्यावर एक जड इंजिन आणून ठेवलं आणि मागच्या दाराला कडी लावली.

सहा महिने गेले. वजन चढायला उतरण्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस लागत होते, आणि या वेळी वाटेत थांबवून कौतुक करणारं कुणी नव्हतं. उलट शेजारीण म्हणाली, "अगं, परत सुटायला लागलीस की." माऊ एक्कावन्नवर होती. पाळी परत सुरू झाली होती. जिना चढताना मात्र ती अजून मधल्या टप्प्यावर थांबायची. डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या तपासणीचा कागद बघून एवढंच म्हटलं होतं की काही गोष्टी भरून येतील, काहींचं सांगता येत नाही.

एके संध्याकाळी आत्या घरी आली. रुसवा संपला होता, आणि पोटात मावत नसलेली बातमीही होती. "चष्मेवाल्याचं ठरलं," तिनं बसता बसता सांगितलं. "मुलगी तुझ्याहून लहान आहे, एकवीसची. मीच सुचवली. काय दिसते म्हणून सांगू. नुसती वेलीसारखी. त्रेचाळीस किलो."

आई चहा गाळता गाळता थांबली. बाबांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"आधी किती होती?" माऊनं विचारलं.

"आधी म्हणजे?"

"तू सुचवलीस तेव्हा. पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा किती होती?"

"मला काय माहीत? आधीचं कोण विचारतं गं?" आत्या म्हणाली. मग जरा थांबून, जरा कमी आवाजात म्हणाली, "थोडी जास्त होती. त्यांनी सांगितलं तेवढी कमी केली तिनं. शहाणी आहे, उलटून बोलली नाही."

वाचकहो, तुमच्या ओळखीत अशी एखादी मुलगी असेल. ती छान दिसायला लागली म्हणून तुम्ही तिचं कौतुकही केलं असेल. तिला आधीचा आकडा तुम्ही विचारला होता का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुमचं तुम्हाला माहीत.

माऊ उठून उभी राहिली. तिनं खुंटीवरचा स्वेटर काढला आणि अंगात घातला.

"पत्ता दे तिचा," ती आत्याला म्हणाली.

"कशाला?"

"मी विचारून येते."

आत्यानं भावाकडे पाहिलं, तो तरी लेकीला आवरेल म्हणून. बाबा दारामागच्या खिळ्यावरून गाडीची किल्ली घेत होते.

"लिहून दे तिला," ते म्हणाले. "मी सोडतो."